रिजेक्शन टेबलावरच्या सुगराआपा

सुगराआपांची आणि माझी ओळख झाली ती मी जाळलेल्या तीन बोर्डांमुळे.

१९८४ साल. हडपसरजवळच्या एका कारखान्यात टीव्हीचे सर्किट बोर्ड बनायचे. मी वारज्याची. वारजं तेव्हा गावच होतं, आणि आमच्या घरातून नोकरीला बाहेर पडलेली मी पहिली बाई. आमच्या सासूबाई, सोजरबाई, शेजारणींना सांगायच्या, "सूनबाई टीव्हीच्या कारखान्यात हाय, पर घरात टीव्ही न्हाई." कामाच्या पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत मी तीन बोर्ड सोल्डर करताना, म्हणजे कथलाचा टाका घालताना, जाळले आणि भीतीनं खालच्या कचऱ्याच्या डब्यात सारले. सुपरवायझरनं पाहिलं आणि डब्यासकट मला खिडकीजवळच्या एका टेबलाकडे पाठवलं.

त्याला रिजेक्शन टेबल म्हणायचे. टेस्टिंगमध्ये नापास झालेला प्रत्येक बोर्ड तिथं यायचा. तिथं जाड काड्यांचा चष्मा लावलेल्या, पदर खोचलेल्या एक बाई बसल्या होत्या. येरवड्याच्या सुगराबी हमीद शेख. शिक्षण सातवी. सगळा कारखाना त्यांना 'आपा' म्हणायचा, मॅनेजरसुद्धा.

त्यांनी माझे तिन्ही बोर्ड उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, "जाळलेस ते जाळलेस. सगळेच जाळतात. पण नेमकं कुठं जळलं ते न बघता फेकून दिलंस, हे मला आवडलं नाही. बस इथं."

मी बसले ती चौदा वर्षं तिथंच बसले.

आपांची एक खोड होती. नापास झालेला एखादा बोर्ड हातात घेऊन जरा टिचकी मारली की चालू व्हायचा. दुसरं कुणी असतं तर त्यावर पासचा शिक्का मारून मोकळं झालं असतं. आपा तो बाजूला ठेवायच्या. त्याला गरम करायच्या, थंड करायच्या, हलवायच्या, आणि पुन्हा बंद पडेपर्यंत त्याचा पिच्छा सोडायच्या नाहीत. "आपोआप बरं झालेलं मला चालत नाही विजू," त्या म्हणायच्या. "का बरं झालं ते मला कळायला पाहिजे. नाहीतर लोकांच्या घरी जाऊन परत आजारी पडेल."

१९९८ साली कारखाना बंद झाला. मी वारज्यात शाळेसमोर वह्या-पेनांचं दुकान टाकलं. आपा शेहेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांचे यजमान हमीदभाई बुकबाइंडर, नाना पेठेत त्यांचा छोटा गाळा. शाळांची हजेरीपुस्तकं, जर्नलं त्यांच्याकडे बांधायला यायची. मितभाषी माणूस. दिवसभरात वीस वाक्यं बोलले तर खूप. त्यांच्या गाळ्यात येणारे शिक्षक एकच तक्रार करायचे: प्रश्नपत्रिका टाइप करून देणारा कुणी चांगला मिळत नाही. मराठी येतं त्याला उर्दू येत नाही, उर्दू येतं त्याच्या मराठीत वेलांटीचा पत्ता नाही. आपांनी दोन-तीन वर्षं ते ऐकलं आणि येरवड्यातल्या एका टायपिंग क्लासात नाव घातलं. बाजूला सोळा-सतरा वर्षांच्या मुली. त्या पहिल्या दिवशी हसल्या, दुसऱ्या महिन्यात आपांना शंका विचारू लागल्या.

वर्षभर क्लासच्या कॉम्प्युटरवर पेपर टाइप करून दिल्यावर आपांनी स्वतःचा घ्यायचं ठरवलं. तयार विकत घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. बुधवार पेठेतल्या एका दुकानातून त्यांनी एकेक भाग आणला. आज कॅबिनेट, दोन महिन्यांनी मदरबोर्ड, मग हार्ड डिस्क. प्रत्येक वस्तू जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या खाली. आठ महिन्यांनी, २००३ च्या सप्टेंबरमध्ये, त्यांनी बाहेरच्या खोलीत चटई टाकली, सोबतची माहितीपुस्तिका मांडीवर घेतली आणि एका रविवारी तो कॉम्प्युटर एकटीनं जुळवला. मी मुद्दाम गेले होते. बटण दाबलं, पंखा फिरला, पडदा उजळला. हमीदभाई दारातून पाहत होते. म्हणाले, "झालं?" आपा म्हणाल्या, "झालं." एवढाच समारंभ.

सव्वा वर्ष तो सुरळीत चालला. येरवड्यातल्या एका उर्दू शाळेच्या मुख्याध्यापिका मुमताज मॅडम तर सगळे पेपर आपांकडेच देत. आणि मग २००४ च्या डिसेंबरात त्या मशीननं रंग दाखवायला सुरुवात केली.

सकाळी बटण दाबायचं आणि काहीच व्हायचं नाही. दिवा नाही, पंखा नाही. पुन्हा दाबायचं. पुन्हा काही नाही. पंचवीस-तीस मिनिटं दाबत राहिलं की एकदम जिवंत व्हायचं, आणि मग दिवसभर नीट. संध्याकाळी कितीही वेळा बंद-चालू करा, तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

आपांनी आधी स्वतःवर संशय घेतला. "मीच जोडलंय, म्हणजे चूक माझीच असणार." सगळा कॉम्प्युटर खोलला, प्रत्येक जोड पुसून पुन्हा बसवला. दोनदा. फरक नाही. मग वाटलं, पुढचं बटणच खराब असेल. त्यांनी बटणाच्या वायरी काढल्या आणि मदरबोर्डवरच्या ज्या दोन पिना ते बटण जोडतं, त्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं जोडून पाहिल्या. तरी मशीन ढिम्म. म्हणजे बटण निर्दोष. मग वाटलं, थंडी बाधत असेल. रात्री कॅबिनेटला गोधडी गुंडाळून ठेवली. हमीदभाईंनी ते पाहिलं आणि त्या दिवसाच्या वीस वाक्यांपैकी एक खर्च केलं. "ताप बघायचा का?"

गोधडीचाही उपयोग झाला नाही.

त्यातच एक दिवस मुमताज मॅडम सकाळी साडेसातला पेन ड्राइव्ह घेऊन दारात उभ्या. सहामाहीनंतरची चाचणी होती, एका प्रश्नात बदल करून लगेच न्यायचं होतं. आपा बटण दाबत राहिल्या, मॅडम घड्याळ पाहत राहिल्या. शेवटी मॅडम म्हणाल्या, "असू दे आपा, फळ्यावर लिहून देते," आणि गेल्या. त्या चिडल्या नव्हत्या, पण आपांना ते फार लागलं. मला फोन करून म्हणाल्या, "विजू, चौदा वर्षं आपण दुसऱ्यांची मशीनं पास केली. आज माझंच रिजेक्ट झालं."

मी गेले. दोघींनी मिळून कॅबिनेट रिक्षात घातला आणि बुधवार पेठेतल्या त्या दुकानात नेला. दुकानाचे मालक श्रीनिवास, वय पस्तिशीचं. त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेली मशीनं आल्या आल्या प्लगला लावून रांगेत ठेवायची पद्धत होती. आमचा नंबर तासाभरानं लागला. श्रीनिवासनी बटण दाबलं, मशीन चालू. बंद केलं, दाबलं, चालू. दहा वेळा दाबलं, दहा वेळा चालू.

"बाई, आमच्याकडे चालतंय," ते म्हणाले. "म्हणजे बिघाड तुमच्या घरी राहिलाय. तो घेऊन या, मग बघू."

मी उलटं काही बोलणार होते. आपांनी माझा हात दाबला. "ते चुकीचं बोलत नाहीत," बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या. "इथं चालतंय, घरी चालत नाही. म्हणजे दोन जागांत काहीतरी फरक आहे. तो शोधायचा."

घरची वीज तपासून झाली. बजरंग वायरमननं अर्थिंग पाहिलं, बोर्ड पाहिला, दाब मोजला. सगळं ठीक. मग आपांनी एक वही केली. रोज किती वाजता बटण दाबलं, कितव्या मिनिटाला चालू झालं, आदल्या दिवशी कधी बंद केलं होतं. असं नऊ दिवस.

दहावा दिवस गुरुवार होता. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, त्यात नवल नाही. सकाळी मशीन नेहमीसारखं उशिरा चालू झालं होतं, दहाला वीज गेली, तीनला आली. आपांनी बटण दाबलं तर मशीन मेलेलं. भर दुपारी तीन वाजता! खोलीत ऊन आलेलं, थंडीचं नाव नाही. आपांनी वहीत 'गुरुवार, दुपार' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. म्हणजे हे सकाळचं दुखणं नव्हतंच.

आणि शनिवारी सकाळी सात वाजता मशीन पहिल्या दाबाला चालू झालं.

आपा खुशीनं नाचल्या असत्या असं तुम्हाला वाटेल. त्या उलट वैतागल्या. काही न करता कसं काय चालू झालं? त्यांनी घर डोक्यावर घेतलं. काल रात्री मशीनला कुणी हात लावला? कुणी हलवलं? हमीदभाई चहाचा कप घेऊन बसले होते. ते रोज झोपण्याआधी घरभर फिरून भिंतीवरची सगळी बटणं बंद करायचे. पंखे, टीव्ही, कॉम्प्युटर, सगळी. तीस वर्षांची सवय.

"मी हात लावला नाही," ते अपराधी चेहऱ्यानं म्हणाले. "खरं म्हणजे काल विसरलोच. भिंतीवरचं बटण रात्रभर चालू राहिलं. माफ कर, बिल वाढेल."

आपा एकदम खाली बसल्या. नंतर मला सांगताना म्हणाल्या, "त्यांनी ते वाक्य बोलल्याबरोबर मला आतलं सगळं दिसलं."

काय दिसलं, ते त्यांनी मला साध्या शब्दांत समजावलं. कॅबिनेटच्या मागे पंख्यासकट एक पत्र्याचा डबा असतो. तो पॉवर सप्लाय. घरातली वीज आधी त्यात जाते. कॉम्प्युटर बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर त्या डब्यात थोडी वीज खेळत असते, समोरचं बटण कधी दाबलं जातंय याची वाट पाहत. त्या एवढ्याशा कामासाठी आत ओलसर रसायन भरलेला, वीज साठवणारा एक छोटा कंडेन्सर असतो. तो सुकत आला की थंड असताना काम करत नाही. वीज मिळत राहिली की हळूहळू ऊब येते आणि मग जेमतेम उभा राहतो. हमीदभाई रोज रात्री त्याची ऊब काढून घेत होते. गुरुवारी ती वीजवाल्यांनी काढून घेतली. आणि दुकानात तो तासभर प्लगला लागून मस्त शेकत बसला होता.

"कारखान्यात असे किती बोर्ड आपण पाहिले," आपा म्हणाल्या. "उशिरा चालू होणारे. मला पहिल्या दिवशी सुचायला पाहिजे होतं."

सोमवारी संध्याकाळी आम्ही पुन्हा बुधवार पेठेत. श्रीनिवासनी वर पाहिलं. "परत?"

"तुम्ही म्हणालात बिघाड घेऊन या," आपा म्हणाल्या. "आणलाय. फक्त आज रात्री हे मशीन प्लग काढून ठेवा. उद्या मी आल्याशिवाय लावू नका. तुमच्या हातानं चालू करून दाखवा."

श्रीनिवास हसले, पण प्लग काढून ठेवला.

मंगळवारी दुकान उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर. आत दोन-तीन गिऱ्हाइकंही आली. श्रीनिवासनी प्लग लावला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. वायर बदलली. दुसऱ्या प्लगला लावलं. काही नाही. एक गिऱ्हाईक म्हणालं, "मदरबोर्ड गेला बहुतेक."

"गेलेला नाही," आपा म्हणाल्या. "आता कुणीही हात लावू नका. प्लग तसाच राहू दे. आपण वीस-पंचवीस मिनिटं थांबू."

सगळे थांबले. गिऱ्हाइकंही. मला वाटतं काम नसलेली दोन माणसंही आत येऊन उभी राहिली. पंचवीस मिनिटांनी आपा श्रीनिवासना म्हणाल्या, "आता दाबा."

मशीन चालू झालं.

"योगायोग," श्रीनिवास म्हणाले. पण आवाज उतरला होता. "असं करू, पॉवर सप्लाय बदलून देतो. दोन वर्षांची गॅरंटी आहे, तुम्हाला काही पडणार नाही."

दुसरं कुणी असतं तर नवीन डबा घेऊन घरी गेलं असतं. मीसुद्धा आपांना कोपरानं ढोसलं. आपा म्हणाल्या, "नवीन पण ह्याच मालातला ना? मग सव्वा वर्षानं मी परत तुमच्या पायरीवर. हाच उघडू या."

"सील तोडलंत तर गॅरंटी संपली."

"गॅरंटी तुमच्या कागदावर आहे. माझं बोट बरोबर जागी आहे का, ते मला बघायचंय."

आणि त्यांनी नखानं ते कागदी सील फाडलं.

त्यांनी प्लग काढला, डबा उघडला, पिशवीतून होल्डरला दोन वायरी लावलेला शंभर वॅटचा बल्ब काढला आणि आतल्या मोठ्या कंडेन्सरच्या टोकांना लावून साठलेली वीज त्यात उतरवली. श्रीनिवासचा कारागीर ते पाहून दोन पावलं मागे सरकला. त्याला बहुधा पहिल्यांदाच कळलं होतं, की प्लग काढल्यावरही तिथं झटका बसतो. मग आपांनी चष्मा वर केला, वाकून पाहिलं आणि एका छोट्या काळ्या कंडेन्सरवर बोट ठेवलं. त्याला खेटूनच गरम होणारा एक भाग होता.

कारागीर म्हणाला, "हा तर ठणठणीत आहे. फुगलेला नाही, गळलेला नाही."

खरंच तो अगदी नव्यासारखा दिसत होता. सील तर तोडून झालं होतं.

"दिसतोय चांगला," आपा म्हणाल्या. "आतून सुकलाय. शेजारी सव्वा वर्ष शेगडी पेटवून ठेवलीय त्याच्या. एक नवा आणा, असाच, पण जास्त उष्णता सोसणारा."

समोरच्याच दुकानातून तो मिळाला. आपांनी दुकानातलंच सोल्डरिंग आयर्न घेतलं, जुना काढला, नवा बसवला. बावन्न वर्षांची बाई, सहा वर्षं हातात आयर्न नव्हतं, पण तो टाका असा बसला, की कारागिरानं बोर्ड उजेडात धरून पाहिला आणि मान डोलावत परत दिला. नवा भाग त्यांनी गरम भागापासून जरा दूर, वाकवून बसवला होता.

लगेच लावलं तर चालणारच, म्हणून आपांनी लावू दिलं नाही. पुन्हा एक रात्र प्लग काढून.

बुधवारी सकाळी हमीदभाईही आमच्याबरोबर आले. गाळा बंद ठेवून! दुकानात गर्दी नव्हती, श्रीनिवास, त्यांचा कारागीर आणि आम्ही तिघं. श्रीनिवासनी प्लग लावला आणि बटण दाबायला बोट पुढे केलं. मग थांबले, बाजूला झाले. "तुम्ही दाबा."

आपांनी दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, पडदा उजळला. पहिल्या दाबाला. त्यांनी बंद केला, प्लग काढला, थांबल्या, पुन्हा लावला. पुन्हा पहिल्या दाबाला. मी टाळ्या वाजवल्या आणि मग लाजले, कारण आणखी कुणी वाजवल्या नाहीत. हमीदभाई मात्र पडद्याकडे न बघता बायकोकडे बघत होते.

"कुठं शिकलात हे?" श्रीनिवासनी विचारलं.

"रिजेक्शन टेबलावर," आपा म्हणाल्या.

श्रीनिवासनी स्टूल पुढे सरकवलं, चहा सांगितला आणि मागच्या मांडणीखालून एक पोतं ओढून काढलं. त्यात गिऱ्हाइकांनी परत केलेले अकरा पॉवर सप्लाय होते. "हे सगळे 'कधी चालतात, कधी नाही' म्हणून आलेत," ते म्हणाले. "आमच्याकडे चालतात म्हणून मी लोकांना परत पाठवलं. मला वाटायचं, लोक खोटं बोलतात." मग आपांकडे वळून म्हणाले, "तुम्हालाही तसंच बोललो. चुकलं माझं."

पुण्यातल्या दुकानात उभं राहून हे वाक्य मी ऐकलंय. साक्षीला हमीदभाई आहेत.

त्या अकरांपैकी सात आपांनी घरी नीट केले. चार खरंच गेलेले होते, आणि ते का गेले हेही त्यांनी चिठ्ठीवर लिहून पाठवलं. मग पोती यायला लागली. आधी श्रीनिवासकडून, मग शेजारच्या दुकानांतून. प्रश्नपत्रिका आपांनी सोडल्या नाहीत. सकाळी पेपर, दुपारी पोती. मुमताज मॅडमनी एकदा शाळेच्या मैदानावर जाहीर सांगितलं, की आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका ज्या मशीनवर होतात ते बनवणारी आणि दुरुस्त करणारी बाई एकच आहे, आणि ती पाठीमागे उभी आहे. सगळ्या मुलींनी मागे वळून पाहिलं. आपांनी पदरानं चेहरा झाकला.

२००९ मध्ये विश्रांतवाडीत बायकांसाठी दुरुस्तीचा वर्ग निघाला. चालवणारे गोपाळकृष्ण म्हणून एक निवृत्त इंजिनीअर. त्यांनी श्रीनिवासना विचारलं, बिघाड शोधायला शिकवणारं कुणी आहे का. श्रीनिवासनी एकच नाव सांगितलं. आपा नको म्हणत होत्या. मीच बळेबळे घेऊन गेले. अर्जात 'शिक्षण' या रकान्यात त्यांनी 'सातवी' लिहिलं आणि कागद उलटा करून पुढे सरकवला. गोपाळकृष्णांनी तो सुलटा केला, वाचला, आणि म्हणाले, "शेखबाई, बिघाड कसा शोधायचा हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. तुम्ही शिकवाल तेव्हा मागच्या बाकावर मी बसलो तर चालेल ना?"

त्यांनी आपांना निळ्या दोरीचं ओळखपत्र दिलं. फोटो, नाव, आणि खाली छापील अक्षरात 'प्रशिक्षक'.

पहिल्या वर्गाच्या सकाळी आपांचा मला फोन आला. कार्ड हरवलं, आणि कार्डाशिवाय वॉचमन आत सोडत नाही. मी दुकान सासूबाईंच्या हवाली करून धावले. घरभर शोधलं. शेवटी मला शंका आली आणि मी नाना पेठेत हमीदभाईंच्या गाळ्यात गेले. गळ्यात निळी दोरी घालून ते एका शाळेच्या कारकुनाला कार्ड दाखवत होते. "माझी बायको," ते सांगत होते. "हे बघा, वाचा. मोठ्यानं वाचा." कारकून वाचत होता. मागे आणखी दोन गिऱ्हाइकं आपला नंबर येण्याची वाट पाहत उभी होती, आणि हमीदभाईंची त्या दिवसाची वीस वाक्यं केव्हाच संपून गेलेली होती.